नदी बंद असताना

१४ मार्चच्या संध्याकाळी केनेट नदीवर मी शेवटचा गळ पाण्याबाहेर काढला. अंधार पडत आला होता. अळ्यांचा डबा बंद केला, घडीची खुर्ची मिटली आणि काठी आवरून जरा वेळ तसाच काठावर उभा राहिलो. दुसऱ्या दिवसापासून १५ जूनपर्यंत या पाण्यात मला गळ टाकता येणार नव्हता. इंग्लंडमध्ये दरवर्षी हे तीन महिने नद्या बंद असतात. पाणी वाहतं, बदकं पोहतात, होड्याही चालतात. पण गळाची बंदी असते.

सकाळी आईचा फोन आला. ती चिपळूणजवळच्या आमच्या गावी असते. दर रविवारी नदीवर काय मिळालं हे विचारल्याशिवाय तिचा फोन पुरा होत नाही.

“काल काय लागलं गळाला?”

“दोन चब. सोडून दिले. आता तीन महिने नदी बंद आहे, आई.”

“बंद म्हणजे?”

“माशांचे अंडी घालायचे दिवस. कोणी गळ टाकायचा नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे पावसात होड्या वर काढतात तसंच. बरं करतात.” आणि थोड्या वेळाने, “आपण मात्र चढणीचे मासे धरायचो. गाबोळीसकट खायचो.”

ते वाक्य मनात राहिलं. कोकणात पहिला मोठा पाऊस झाला की वहाळाला लोंढा येतो आणि वितीएवढे रुपेरी मासे प्रवाहाच्या उलट, वर वर, थेट भातखाचरांपर्यंत चढतात. मामा कंदील घेऊन पुढे असायचा, आम्ही पोरं मागे. टोपलीतल्या माशांची पोटं टम्म फुगलेली असायची आणि चुलीवरच्या गाबोळीसाठी आमची भांडणं व्हायची. ते मासे वर का चढतात, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. ते मला रेडिंगमध्ये राहायला आल्यावर, वयाच्या चाळिशीत समजलं. हा लेख त्या तीन महिन्यांबद्दल आहे. नदी बंद होती म्हणून मी गळाला कृत्रिम माशी लावून टाकायला शिकलो, आणि माशी शिकताना नदी वाचायला लागलो.

बंदी कशी आली

इंग्रज गळवाले गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग करतात. सॅमन आणि ट्राउट हे ‘गेम’ मासे, आणि रोच, ब्रीम, चब, बार्बल, टेंच, कार्प, पर्च, पाइक हे सगळे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. ही विभागणी पाण्यासारखीच समाजाचीही होती. ट्राउटचं पाणी बहुधा जमीनदारांचं असे. गिरण्या-कारखान्यांतला कामगार रविवारी आगगाडीने जायचा तो रोच आणि ब्रीमच्या नदीवर.

नदीच्या बंदीची मागणी आली ती याच कामगारांकडून. पोलादाच्या कारखान्यांचं शहर असलेल्या शेफिल्डमध्ये गळवाल्यांचे क्लब जोरात होते. अंड्यांवर आलेले मासे ढिगाने मारले जाताना ते पाहत होते. शेफिल्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा कायदा झाला आणि १५ मार्च ते १५ जून ही तारीख ठरली. ती आजही नद्यांना लागू आहे. बहुतेक तळ्यांवरची बंदी १९९५ मध्ये उठली, बहुतेक कालव्यांवरची २००० मध्ये. नद्यांवरची बंदीही उठवावी का, यावर २०१९ मध्ये परवानाधारकांची मतं मागवली गेली आणि शेवटी ती कायम ठेवायचं ठरलं. चब आणि बार्बल थंड वर्षी जूनच्या उत्तरार्धातही अंडी घालतात, तेव्हा तारखा चुकीच्या आहेत असं म्हणणारे अनेक आहेत. तरी नदीला सुट्टी असावी, हे त्यांतल्याही बहुतेकांना मान्य असतं.

मग याच दिवसांत ट्राउटला परवानगी कशी? कारण साधं आहे. तपकिरी ट्राउट अंडी घालतो ऐन थंडीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. मादी शेपटीने वाळू-गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वर गोटे लोटते. म्हणून ट्राउटची बंदी हिवाळ्यात. थेम्सच्या खोऱ्यात त्याचा मोसम १ एप्रिलला उघडतो आणि ३० सप्टेंबरला मिटतो. रोच, पर्च, चब, बार्बल अंडी घालतात वसंतात, म्हणून त्यांची बंदी वसंतात. पण ट्राउटच्या नावाखाली कोणी बार्बलच्या पुढ्यात गळाला गांडूळ लावून टाकू नये, यासाठी या दिवसांत बऱ्याच भागांत नदीवर फक्त कृत्रिम माशी चालते.

परवाना मात्र एकच. १३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो लागतो, आणि माझ्या कोर्स माशांच्या परवान्यात नदीतला ट्राउटही होता. गेली सहा वर्षं तो अर्धा परवाना मी वापरलाच नव्हता.

बोलावणारे आणि जाणारे

माझी आजवरची मासेमारी ही बोलावण्याची मासेमारी होती. सकाळी एक जागा धरायची. पावाचा चुरा, भिजवलेलं धान्य, मूठ-मूठ अळ्या ठरावीक वेळाने पाण्यात टाकायच्या. इथे या पांढऱ्या अळ्या दुकानात दुधासारख्या पाइंटच्या मापाने मिळतात. खाण्याचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि तासाभरात मासे वर सरकत आपल्या पुढ्यात येतात. मग फ्लोटचं लाल टोक बघत बसायचं. यात मोठं कसब आहे. फ्लोटखाली शिशाचे मणी कसे लावायचे, आमिष तळापासून किती बोटं वर ठेवायचं, बुडालेल्या फ्लोटला झटका कधी द्यायचा, यात माणसं आयुष्य घालवतात. कोकणात आम्ही याला गरवणं म्हणतो. बांबूची काठी, गरी आणि गांडूळ घेऊन वशिष्ठीच्या काठी बसलेल्या मामाचा आणि केनेटवर बसलेल्या माझा धर्म एकच होता.

माशीची मासेमारी ही जाण्याची मासेमारी आहे. इथे खाणं टाकायचं नाही. मासा जिथे आहे तिथे आपण चालत जायचं, तो काय खातोय ते बघायचं, तसंच दिसणारं पिसाचं सोंग त्याच्या पुढ्यात तरंगत न्यायचं.

या दोन घराण्यांची गाठ इंग्रजीतल्या या विषयावरच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकातच पडलेली आहे. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ मध्ये निघालं. वॉल्टन मुळात आमिषवाला. माशीतला जाणकार होता त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन. डर्बीशायरच्या सीमेवरच्या डव्ह नदीकाठी कॉटनने दगडी मासेमारीघर बांधलं होतं. १६७६ च्या आवृत्तीत कॉटनने माशीवरचा दुसरा भाग लिहिला आणि दोघांची पुस्तकं एकत्र बांधली गेली. अळ्या घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याला माशी शिकवणारं कोणीतरी हवं असतं, ही गोष्ट साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

माझ्या कॉटन म्हणजे आमच्या क्लबातल्या एक सत्तरीच्या बाई. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मार्चच्या बैठकीत त्या म्हणाल्या, “तीन महिने घरी बसून रीळ पुसणार आहात, की शनिवारी मैदानावर येणार?”

मी गेलो.

वजन दोरीत असतं

पहिल्या शनिवारी मैदानावर पाण्याचा थेंबही नव्हता. माशीच्या जागी लाल लोकरीचा धागा बांधला होता. बाईंनी आधी काठी हातात दिलीच नाही. फक्त पुढचा दोन हातांचा शेंडा आणि त्याला दोरी. “एवढ्यावर दोरी सरळ पडू लागली की बाकीची काठी मिळेल.”

त्याचं कारण कळायला मला दोन आठवडे लागले. नेहमीच्या गळात वजन टोकाला असतं. शिसं किंवा फ्लोट फेकला की तो आपल्यामागे बारीक नायलॉन ओढत नेतो, दगडाला बांधलेल्या सुतळीसारखा. माशीला वजनच नसतं. बारीक गळ आणि त्यावर गुंडाळलेलं पीस. ते हातातून फेकलं तर पायाशी पडेल. म्हणून इथे फेकायची ती दोरी. तिच्यावर जाड प्लास्टिकचं अस्तर असतं आणि वजन तिच्या अंगातच भरलेलं असतं. दोरीला क्रमांक असतात. माझ्या पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम. काठीही त्याच क्रमांकाची घ्यायची, म्हणजे तेवढ्या वजनाखाली ती नेमकी वाकते. दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा नऊ फुटांचा पारदर्शक धागा, आणि त्याच्या टोकाला माशी.

काठी मागे न्यायची आणि खाडकन थांबवायची. दोरी डोक्यावरून मागे जाऊन हवेत उलगडते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. सरळ झालेली दोरी काठीचा शेंडा ओढून धरते, काठीत ताण भरतो. मग पुढे, आणि पुन्हा खाडकन थांबायचं. ताण सुटतो, दोरी अरुंद वळसा घालत पुढे उलगडत जाते आणि माशी सगळ्यांत शेवटी, सावकाश, पाण्यावर उतरते. हात घड्याळाच्या दहा आणि एक या आकड्यांच्या मधेच फिरवायचा असतो.

सगळी गोम मागच्या त्या थांबण्यात आहे. घाई केली तर दोरी आसुडासारखी कडाडते आणि माशी तुटून गवतात जाते. फार थांबलं तर दोरी मागे जमिनीवर पडते. डोळ्यांना मागचं दिसत नाही. तो क्षण हाताला कळावा लागतो. शिसं फेकायला सरावलेला माझा दंड जोर लावायचा. बाई दर वेळी एकच सांगायच्या, “जोर नको, थांबा.”

चौथ्या शनिवारी मला मामाचा पाग आठवला. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो पागायचा. जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक खांद्यावर, कडेचे शिशाचे मणी हातात. फेकण्याआधी तो अंग वळवून क्षणभर थांबायचा. मग जाळं हवेत उघडून ताटासारखं गोल व्हायचं आणि एकाच वेळी पाण्याला टेकायचं. तो जोर लावत नव्हता. जाळ्याचं वजन त्याच्या हाताला सांगत होतं, आता सोड. त्या दिवशी मी डोळे मिटून काठी हलवली. मागे दोरी सरळ झाली आणि मुठीत हलकीशी ओढ जाणवली. पुढे पडलेली दोरी बाईंनी टोकापर्यंत चालत जाऊन पाहिली. “आता पूर्ण काठी घ्या,” त्या म्हणाल्या.

मासा आणि माशी

मराठीत मासा आणि माशी या शब्दांत एका अक्षराचं अंतर आहे. इंग्लंडच्या खडूच्या नद्यांवर हे नातं डोळ्यांनी दिसतं.

केनेटचा वरचा भाग अशा नदीचा नमुना आहे. ही नदी विल्टशायरमध्ये सिल्बरी हिलच्या परिसरात उगम पावते, मार्लबरो, हंगरफोर्ड, न्यूबरी ओलांडते आणि सुमारे ७२ किलोमीटर वाहून आमच्या रेडिंगला थेम्सला मिळते. तिच्याखाली खडूचा दगड आहे. हिवाळ्यातला पाऊस त्यात मुरतो, गाळून निघतो आणि कित्येक महिन्यांनी झऱ्यांतून वर येतो. म्हणून हे पाणी काचेसारखं स्वच्छ आणि उगमापाशी बारा महिने साधारण १० अंश सेल्सिअसचं. जगात अशा नद्या थोड्याच, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. पाण्यात हिरव्या रॅननक्युलसचे लांब झुबके डोलतात, त्यावर पांढरी फुलं येतात, आणि त्या झुबक्यांत कीटकांची वस्ती असते. ट्राउट जगतो तो त्यांच्यावर.

रेडिंगचा मी खालच्या केनेटवर बार्बल आणि चब धरणारा. त्याच नदीचं वरचं अंग मी कधी पाहिलंच नव्हतं.

मेफ्लायचं आयुष्य मला बाईंनी एका पांढऱ्या ताटलीत दाखवलं. इथली मोठी जात इफेमेरा डॅनिका. अंड्यातून निघालेलं पिल्लू तळच्या गाळात बीळ करून एक ते दोन वर्षं राहतं. मग मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत एखाद्या दुपारी ते पृष्ठभागावर येतं, कात फाडतं आणि मळकट पंखांची माशी होऊन उडतं. झाडावर बसून ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा कीटकांचा हा एकच गण आहे. आता पंख काचेसारखे चमकतात, पण तोंड निकामी असतं. तिला खायचं नसतंच. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी सोडायची आणि पंख पसरून प्रवाहावर पडायचं. दोन वर्षांची तयारी आणि दोन-तीन दिवसांचं उडणं. यातल्या प्रत्येक अवस्थेला ट्राउट वेगळ्या तऱ्हेने टिपतो, म्हणून गळवाल्याला प्रत्येक अवस्थेची वेगळी माशी लागते.

यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिलं आणि एक शिस्त घालून दिली: मासा वर येऊन खाताना दिसेपर्यंत थांबा, आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेने तरंगती माशीच टाका. जी. ई. एम. स्क्यूज हा व्यवसायाने वकील. इचेन नदीवर तासन्‌तास पाहून त्याने दाखवलं की ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालची पिल्लंच खात असतो, आणि त्यांचं सोंग घेतलेली बुडती माशी तितकीच प्रामाणिक आहे. त्याचं पुस्तक १९१० चं; वाद १९३८ पर्यंत चालला. बुडत्या माशीला पुढे नेलं ते एका नदीरक्षकाने. विल्टशायरच्या एव्हन नदीचा रक्षक फ्रँक सॉयर याने धागा न वापरता फक्त तांब्याची बारीक तार आणि फेजंटच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू घेऊन एक पिल्लू बांधलं. तारेच्या वजनाने ते बुडतं, पिसाच्या रंगाने जिवंत दिसतं. जगभर आज हे सोंग वापरलं जातं.

एप्रिलच्या थंड संध्याकाळी मी क्लबात माश्या बांधायला बसू लागलो. छोट्या पकडीत गळ अडकवायचा, धाग्याने शेपटी, अंग आणि मानेभोवती पिसांचं वलय गुंडाळायचं. पेटीतल्या पाकिटावर ‘भारतीय कोंबडा’ असं लिहिलेलं होतं. इथली स्वस्त पिसं पुष्कळदा भारतातून येतात. आणि मग बाईंनी एक जुनी सॅमनची माशी दाखवली. तिच्या दोन्ही कानशिलांवर काळ्या पिसावर मेणासारखा पांढरा-पिवळा ठिपका होता. ते पीस मी ओळखलं. सह्याद्रीच्या रानातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. पहाटे गावच्या देवराईतून त्याची बांग ऐकतच मी मोठा झालो. विक्टोरियन काळात या मानांची एवढी मागणी होती की जहाजांतून त्या इंग्लंडला येत. भारताने त्या पक्ष्याला कायद्याने संरक्षण दिलं. आज इथे वापरली जाणारी पिसं इंग्लंडमध्येच पाळलेल्या कोंबड्यांची असतात. ती माशी मी बराच वेळ हातात धरून बसलो. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्या रानाचा एक तुकडा या पेटीत आणून ठेवला होता.

दगडाखालची मोजणी

एप्रिलमध्ये पहिला ट्राउट मिळाला तो तळ्यावर. शिकणाऱ्यांना आधी अशा तळ्यांवरच नेतात. तिथे इंद्रधनुषी ट्राउट वाढवून सोडलेला असतो; ही जात मूळची उत्तर अमेरिकेची, इंग्लंडमध्ये १९व्या शतकाच्या अखेरीस आली. तिकिटात दोन मासे घरी न्यायची मुभा होती. हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळले. चव आपल्या माशासारखी नव्हती, पण बायकोने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

रिचर्ड वॉकरचं नाव इथे घ्यायला हवं. १९५२ मध्ये रेडमायर तळ्यावर ४४ पौंडांचा कार्प धरणारा हा माणूस कोर्स मासेमारीतला सर्वांत मोठा विचारवंत. तोच पुढे जलाशयांवर मोठ्या ट्राउटसाठी माश्या बांधत बसला आणि त्याने शोधलेल्या माश्या आजही चालतात. तो घराणं बदलत नव्हता. पाणी समजून घेण्याचा दुसरा रस्ता धरत होता. मला त्यामुळे धीर आला.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते गळाशिवाय नदीत उतरण्याने. बाई दर महिन्याला नदीतल्या किड्यांची मोजणी करतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, खाली जाळी धरायची, मग पांढऱ्या ट्रेमध्ये आठ ठरावीक गट मोजायचे: मेफ्लायचे प्रकार, कॅडिस, स्टोनफ्लाय, गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा गॅमरस. आकडा ठरावीक रेषेखाली गेला की सरकारी पर्यावरण खात्याला कळवायचं. देशभर हजारो गळवाले हे काम विनामूल्य करतात.

त्याची किंमत केनेटला २०१३ च्या जुलैमध्ये कळली. मार्लबरोखाली मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ट्रेमध्ये जिवंत किडे जवळजवळ उरले नव्हते. मासे दिसत होते, पाणी स्वच्छ होतं. काठावरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं. तपासात क्लोरपायरीफॉस सापडलं. सांडपाण्यातून नदीत आलेल्या या कीटकनाशकाने सुमारे १५ किलोमीटर पट्ट्यातले कीटक मारले होते. त्यासाठी अगदी थोडं औषध पुरलं. हे नाव वाचून मी थबकलो. आमच्या गावच्या कृषी केंद्राच्या फळीवर ही बाटली मी लहानपणापासून पाहिली आहे. वाळवीला, भाताला, आंब्याला. फवारणीचा पंप ज्या वहाळात धुतला जातो, तिथे दगड उलटून कोणी किडे मोजले असतील का?

नदीतले कीटक पुन्हा सावरले, कारण वरच्या पाण्यात आणि गाळात त्यांची पिढी शिल्लक होती. पुढे २०१६ मध्ये ब्रिटनने या औषधाचे जवळजवळ सगळे वापर बंद केले. तीन मिनिटं पाय हलवणाऱ्या माणसांमुळे ती घटना नोंदली तरी गेली.

मे महिन्याची दुपार

मेच्या अखेरीस दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या.

पहिली हंगरफोर्डजवळ, वरच्या केनेटवर. एका दिवसाचं तिकीट मी महिनाभर आधी काढलं होतं. खडूच्या नद्यांवरचा दिवस महाग असतो, आणि माझ्यासारख्या अनेकांना तो वर्षातून एखादाच परवडतो. दुपारी अडीचला पहिली मेफ्लाय उडाली. मग दहा, मग शेकडो. पाणी उकळू लागल्यासारखं झालं. बाईंनी मला एकाच माशाकडे पाहायला सांगितलं. अल्डरच्या फांदीखाली, दर अर्ध्या मिनिटाने, एक नाक पाण्याबाहेर येत होतं.

ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जायचं. मी गुडघ्यांवर सरकत गेलो. पहिल्या दोन वेळा माशी बरोबर पडली, पण प्रवाहाने दोरीला ओढ दिली आणि माशी पाण्यावर रेघ मारत गेली. खरी माशी अशी चालत नाही. मासा वर आला नाही. तिसऱ्यांदा दोरी थोडी ढिली पडू दिली. माशी प्रवाहाच्या वेगाने, स्वतःच्या मर्जीने, फांदीखाली गेली. नाक वर आलं. माशी नाहीशी झाली.

फ्लोट बुडताना मी हजारदा पाहिला आहे. पण तेव्हा मासा मला दिसलेला नसतो. इथे त्याने घेतलेला निर्णय मी पाहिला. तो तपकिरी ट्राउट वीतभराहून थोडा मोठा, पिवळ्या पोटाचा, अंगावर लाल ठिपके. हात ओले करून, गळाला आकडी नसल्याने अलगद सोडवून, त्याला मी पाण्यातच धरून ठेवलं. प्रवाहाकडे तोंड केल्यावर त्याने दोन श्वास घेतले आणि हातातून निसटला.

दुसरी गोष्ट खाली, रेडिंगच्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागेजवळ. काठी घरी होती. नुसता चालायला गेलो होतो. गोट्यांच्या उथळ धारेवर पाणी खदखदत होतं. आधी वाटलं बदकं असतील. मग शेपट्या दिसल्या. बार्बल होते, हातभर लांबीचे. एक मोठी मादी अंग थरथरवत गोट्यांवर घासत होती, दोन्ही बाजूंनी नर तिला बिलगत होते. पाठी पाण्याबाहेर होत्या. मी तीन पावलांवर होतो आणि त्यांना माझं भान नव्हतं. ज्या माशासाठी मी गेली सहा वर्षं पहाटे उठलो, तो माझ्या पुढ्यात, पूर्णपणे असहाय उभा होता.

मला मामाचा कंदील आठवला. भातखाचराच्या बांधावर आम्ही टोपल्या घेऊन उभे असायचो तेव्हा हेच चाललेलं असायचं. आम्हाला फक्त मासे दिसायचे.

मामाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पावसाच्या तोंडावर घरात फारसं काही नसायचं आणि ते मासे आठवडाभर घर जगवायचे. वहाळही तेव्हा भरलेला असायचा. आपल्याकडे सोडून देण्याची रीत नव्हती असंही नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि त्याआधीपासून कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवत आले आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत. म्हणजे बंदी आपल्याला परकी नाही. फक्त आमच्या वहाळावर तिची पाटी कोणी लावली नव्हती.

१६ जून

१६ जूनच्या पहाटे केनेटवर आमच्या क्लबाचे तीसेक लोक होते. इंग्लंडमध्ये हा दिवस सणासारखा असतो. किटलीतला चहा फिरत होता, जाळ्या झटकल्या जात होत्या. मी अळ्यांचा डबा आणला होता, आणि माशीची काठीही.

माझ्या नेहमीच्या जागी मी बसलो नाही. काठाकाठाने वर चालत गेलो. विलोच्या झाडाखाली पाणी सावलीत होतं आणि तिथे एक चब, गोल पांढऱ्या ओठांचा, झाडावरून पडणारं काहीबाही टिपत होता. त्याच झाडाखाली मी सहा वर्षं फ्लोट टाकत आलो होतो. चब वर बघत असतो हे मला माहीतच नव्हतं, कारण मी फक्त माझ्या फ्लोटकडे बघत होतो. मी एक मोठी काळी माशी बांधली. मागे थांबलो, मग सोडली. ती जरा जोरात पडली. चबला असं पडलेलं चालतं. झाडावरचा किडा असाच पडतो. तो वळला, वर आला आणि मोठ्या ओठांनी ती आत घेतली.

दुपारी आईला फोन केला. तिकडे संध्याकाळ झाली होती आणि पागोळ्यांचा आवाज फोनमध्ये येत होता.

“पाऊस लागला,” ती म्हणाली. “वहाळ भरून आलाय. पोरं टोपल्या घेऊन निघाली होती.”

“गेली?”

“गेली. मी त्यांना म्हटलं, पहिल्या चढणीला नुसतं बघून या. मासे कुठून कुठे जातात ते मला येऊन सांगा, मग उद्या भाकरीबरोबर काहीतरी करते. ऐकतील की नाही, माहीत नाही.”

पागोळ्या वाजत होत्या. ती म्हणाली, “थांब, अंगणात आवाज आला. बघते.”